उबदार गावाच्या शोधात : अमेरिकेतल्या अमेरिकेत स्थलांतर करण्यापूर्वी

अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्यपश्चिम भागांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत दर हिवाळ्यात एक विषय हमखास निघतो. शिकागोत जानेवारीतील सरासरी किमान तापमान उणे सात-आठ अंश सेल्सिअस असते. बॉस्टनमध्ये वर्षाकाठी सरासरी सव्वाशे सेंटिमीटर बर्फ पडतो. मिनिॲपोलिसमध्ये डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. पंचविशीत पहिला बर्फ पाहताना वाटलेले अप्रूप पन्नाशीत फावडे हाती घेताना उरलेले नसते. मुले कॉलेजात गेलेली असतात, गुडघे कुरकुरू लागतात, घरून काम करण्याची मुभा मिळालेली असते आणि ‘आता कुठेतरी उबदार ठिकाणी जाऊ या’ हे वाक्य गमतीने बोलले जाण्याऐवजी गांभीर्याने बोलले जाऊ लागते.

परंतु ‘उबदार’ हे विशेषण फसवे आहे. फिनिक्स, ह्यूस्टन, टॅम्पा, रॅले आणि सॅन डिएगो ही पाचही शहरे शिकागोपेक्षा उबदार आहेत. मात्र चंद्रपूर, मुंबई आणि महाबळेश्वर ही एकाच राज्यातील तीन गावे हवेच्या बाबतीत परस्परांपासून जितकी दूर आहेत, तितकीच ही शहरेही आहेत. शिवाय घर बदलले की हवेबरोबर कर, विमा, व्हिसाची कागदपत्रे, मुलांचे शुल्क आणि आईवडिलांच्या मुक्कामाचे वेळापत्रक हे सारेच बदलते. या निर्णयात कोणकोणत्या गोष्टी तपासाव्यात, याचा हा आढावा.

नेमका त्रास कशाचा?

स्थलांतराचा विचार करणाऱ्या कुटुंबाने सर्वप्रथम ‘थंडी नको’ या दोन शब्दांची फोड करणे हितावह ठरते. कारण हिवाळ्याचा त्रास किमान चार प्रकारचा असतो : तापमान, बर्फ, अंधार आणि एकटेपणा. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

त्रास केवळ बर्फ उपसण्याचा आणि निसरड्या पायवाटेचा असेल, तर देखभालीची जबाबदारी संस्थेकडे असलेले टाउनहोम किंवा कॉन्डो घेऊनही तो मिटतो. त्यासाठी दीड हजार मैल जाण्याची गरज नसते. त्रास अंधाराचा असेल, तर केवळ तापमान पाहून चालत नाही. ऋतुमानानुसार येणाऱ्या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली केले. या विकाराचा संबंध कडाक्याच्या थंडीपेक्षा कमी झालेल्या प्रकाशाशी आहे. सिॲटलचा हिवाळा शिकागोपेक्षा पुष्कळ सौम्य असतो, पण तो ढगाळ आणि अंधारा असतो. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. ह्यूस्टनमध्ये तो सव्वादहा तासांचा आणि मायामीत साडेदहा तासांचा भरतो. सावळ्या त्वचेत ड जीवनसत्त्व तुलनेने सावकाश तयार होते, त्यामुळे भारतीय वंशाच्या लोकांसाठी उत्तरेकडील दीर्घ हिवाळा ही आरोग्याचीही बाब ठरते.

आणि त्रास एकटेपणाचा असेल, तर जागा बदलल्याने तो कमी होईलच याची शाश्वती नाही. वीस वर्षांत जमलेला मित्रपरिवार मागे सोडून उन्हात गेलेल्या कुटुंबाला पहिली दोन-तीन वर्षे उलट अधिक एकाकी वाटू शकते.

आकडे कसे वाचावेत

अमेरिकेतील प्रत्येक प्रमुख ठिकाणाच्या हवामानाची तीस वर्षांची सरासरी केंद्र सरकारची सागर व वातावरण संस्था, म्हणजे ‘नोआ’, दर दहा वर्षांनी प्रसिद्ध करते. सध्या वापरात असलेली सरासरी १९९१ ते २०२० या कालखंडाची आहे. ती सर्वांना विनामूल्य पाहता येते आणि घरविक्रेत्यांच्या जाहिरातींपेक्षा ती अधिक विश्वसनीय असते. मात्र ती वाचताना चार गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली, दवबिंदू. हवेतील ओलाव्याचा त्रास आर्द्रतेच्या टक्केवारीपेक्षा दवबिंदूवरून अधिक नेमका कळतो. दवबिंदू १८ अंश सेल्सिअसच्या वर गेला की हवा चिकट वाटू लागते आणि २१ अंशांच्या वर घाम वाळेनासा होतो. तापमान ३३ अंश आणि दवबिंदू २४ अंश असेल, तर शरीराला ते सुमारे ३९ ते ४० अंशांइतके जाणवते. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या शहरांत उन्हाळाभर हीच स्थिती असते. मुंबईकरांना तिचे वेगळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

दुसरी, रात्रीचे किमान तापमान. दिवसाच्या उष्णतेतून शरीर सावरते ते रात्री. रात्रच थंड होत नसेल तर झोप, रक्तदाब आणि विजेचे बिल या तिन्हींवर परिणाम होतो.

तिसरी, पावसाची विभागणी. ह्यूस्टनमध्ये वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईपेक्षा बराच कमी. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, तर ह्यूस्टनचा बाराही महिने पसरलेला असतो आणि अधूनमधून एका दिवसात महिन्याचा पाऊस कोसळतो.

चौथी, सरासरीच्या पलीकडची टोके. कुटुंबाची घडी विस्कटते ती सरासरी दिवसाने नव्हे, तर दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या आठवड्याने.

बागकामाची आवड असणाऱ्यांसाठी कृषी खात्याचा वनस्पती-तग नकाशाही उपयोगी आहे. तो २०२३ साली नव्याने काढण्यात आला असून, एखाद्या ठिकाणी वर्षातील सर्वांत थंड रात्र सरासरी किती थंड असते त्यावर तो आधारलेला आहे. तुळस, मोगरा, जास्वंद आणि कढीपत्ता अंगणात बारा महिने टिकतील की दर ऑक्टोबरात कुंड्या घरात घ्याव्या लागतील, हे त्यावरून समजते. येथे एक सूचना आवश्यक आहे. कढीपत्ता हा संत्र्या-लिंबाच्या कुळातील असल्याने लिंबूवर्गीय बागांना घातक ठरणारी कीड त्यावर वाढते. त्यामुळे कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा राज्यांत तो आणण्यावर किंवा तेथून बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. घरच्या सामानाबरोबर कुंडी गाडीत ठेवण्यापूर्वी संबंधित राज्याच्या कृषी विभागाचे नियम पाहावेत.

कोरडे ऊन : फिनिक्स

चॅंडलर आणि गिल्बर्ट या फिनिक्सच्या उपनगरांत सेमीकंडक्टर उद्योगामुळे अनेक भारतीय अभियंते राहतात. येथील हिवाळा देखणा असतो. जानेवारीत दिवसा वीस आणि रात्री आठ अंश, निरभ्र आकाश, वर्षाकाठी जेमतेम १८० ते २०० मिलिमीटर पाऊस. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ पुण्याच्या हिवाळ्याची आठवण करून देणारा असतो. दम्याचे किंवा सांधेदुखीचे काही रुग्ण या कोरड्या हवेत बरे वाटते असे सांगतात.

उन्हाळा मात्र विदर्भातल्या माणसालाही विचार करायला लावणारा असतो. नागपूरचा कडक उन्हाळा जूनमधील पावसाबरोबर संपतो. फिनिक्सचा सप्टेंबर सरेपर्यंत संपत नाही. २०२३ साली येथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक होते. त्या वर्षी जुलैत सलग १६ रात्री पारा ९० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलाच नाही. फिनिक्स ज्या मॅरिकोपा परगण्यात आहे, तेथे २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. २०२४ मध्ये ११० अंश फॅरनहाइट गाठणाऱ्या दिवसांची संख्या ७० वर पोहोचली.

पाण्याचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोलोरॅडो नदीच्या पाणीपुरवठ्यात टंचाईची पहिली अधिकृत घोषणा २०२१ साली झाली आणि २०२२ पासून ॲरिझोनाच्या वाट्यात कपात झाली. केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना परवानगी देण्यावर २०२३ मध्ये राज्याने मर्यादा घातली. त्यामुळे शहराच्या कडेला स्वस्त घर दिसले की ‘याचे पाणी कोठून येते आणि ते किती वर्षांसाठी निश्चित आहे?’ हा प्रश्न आधी विचारावा. वाळवंटी मातीतील बुरशीमुळे होणारा ‘व्हॅली फीव्हर’ हा फुप्फुसांचा आजार या भागात आढळतो. मधुमेहींना तो अधिक त्रासदायक ठरू शकतो. मराठी घरांतील मधुमेहाचे प्रमाण पाहता ही नोंद महत्त्वाची आहे.

दमट ऊब : ह्यूस्टन आणि टॅम्पा

ह्यूस्टनच्या परिसरातील शुगर लॅंड, केटी आणि पेअरलंड ही उपनगरे मराठी कुटुंबांच्या परिचयाची आहेत. मोठे वैद्यकीय केंद्र, तेल व ऊर्जा उद्योग, भारतीय किराणा आणि मंदिरे यांमुळे येथे परकेपणा लवकर ओसरतो. जानेवारीत दिवसा सतरा आणि रात्री सात अंश तापमान असते. उन्हाळा कोकणातल्या पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांसारखा, पण चार ते पाच महिने चालणारा.

येथील खरी कसोटी पाणी आणि वीज यांची आहे. ऑगस्ट २०१७ मधील ‘हार्वे’ चक्रीवादळात आग्नेय टेक्सासच्या काही भागांत चार-पाच दिवसांत १५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. जुलै २०२४ मध्ये ‘बेरिल’ वादळानंतर ह्यूस्टन परिसरातील वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि ऐन उन्हाळ्यात अनेकांना कित्येक दिवस वातानुकूलनाविना काढावे लागले. घरात वृद्ध माणूस असेल तर जनित्र किंवा बॅटरी हा अशा ठिकाणी चैनीचा विषय राहत नाही.

फ्लोरिडातील टॅम्पाचा हिवाळा याहूनही सौम्य आहे : जानेवारीत दिवसा एकवीस-बावीस आणि रात्री बारा अंश. राज्याच्या दक्षिण टोकाला, मायामीच्या आसपास, आंब्याची झाडे परसात फळतात. पण सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेलीन’ आणि ऑक्टोबरात ‘मिल्टन’ अशी दोन मोठी वादळे दोन आठवड्यांच्या अंतराने या किनाऱ्याने अनुभवली. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असून त्याचा जोर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असतो, म्हणजे अनेकदा ऐन गणेशोत्सवात. फ्लोरिडात घर पाहताना पूररेषेचा नकाशा आणि स्थलांतर-विभागाचा नकाशा हे दोन वेगवेगळे नकाशे असतात, हे लक्षात ठेवावे. पहिला विम्यासाठी, दुसरा जीव वाचवण्यासाठी. घर एका नकाशात सुरक्षित आणि दुसऱ्यात धोक्यात असू शकते.

काळी माती आणि गारा : डॅलस

डॅलसच्या उत्तरेकडील प्लेनो, फ्रिस्को, ॲलन या उपनगरांचा विस्तार गेल्या दोन दशकांत झपाट्याने झाला आणि त्याबरोबर तेथील मराठी वस्तीही वाढली. २०१९ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशनही डॅलसला भरले होते. आखातापासून दूर असल्याने चक्रीवादळाची भीती कमी. जानेवारीत दिवसा चौदा आणि रात्री तीन अंश तापमान असते, त्यामुळे थोडी थंडीही मिळते.

या पट्ट्यातील जमीन विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला ओळखीची वाटेल. ती काळी, चिकण, कपाशीची माती आहे : पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. रानात पडणाऱ्या याच भेगा घराच्या पायाखाली पडल्या की भिंती तडकतात आणि दारे अडकू लागतात. म्हणून येथील रहिवासी उन्हाळ्यात हिरवळीइतकेच घराच्या पायालाही पाणी घालतात. घर घेण्यापूर्वी पायाची तपासणी स्वतंत्र अभियंत्याकडून करून घेणे आणि आधी दुरुस्ती झाली असल्यास तिची हमी नव्या मालकाकडे हस्तांतरित होते का, हे विचारणे आवश्यक आहे. वसंतातील गारपिटीमुळे छपराचा खर्च आणि त्यावरील विमा हाही येथील नित्याचा विषय आहे.

टेक्सास म्हणजे थंडीपासून कायमची सुटका, हा समज फेब्रुवारी २०२१ ने खोटा ठरवला. त्या हिमवादळात राज्याची वीजव्यवस्था कोलमडली, लाखो घरांत नळ फुटले आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या नोंदीनुसार २४६ जणांचा मृत्यू झाला. उत्तरेकडील घरे थंडी गृहीत धरून बांधलेली असतात. दक्षिणेकडील तशी नसतात.

मधला मार्ग : रॅले आणि अटलांटा

ज्यांना हिवाळा सौम्य हवा, पण ऋतुबदल पूर्ण हरवायला नको, त्यांच्यासाठी उत्तर कॅरोलायनातील रॅले-केरी-मॉरिसव्हिल आणि जॉर्जियातील अटलांटाची उत्तरेकडील उपनगरे हा पर्याय आहे. रॅलेत जानेवारीत दिवसा अकरा अंश आणि रात्री शून्याच्या आसपास तापमान असते. बर्फ वर्षातून एखाद-दोनदा पडतो आणि लवकर वितळतो. १९५९ साली स्थापन झालेल्या रिसर्च ट्रॅंगल पार्कमुळे औषधनिर्माण, संशोधन आणि संगणक क्षेत्रांतील नोकऱ्या येथे टिकून आहेत.

उन्हाळा दोन्हीकडे दमट असतो, पण आखाताच्या मानाने लहान. मार्च-एप्रिलमध्ये पाइनच्या परागकणांचा पिवळा थर गाड्यांवर आणि अंगणावर साचतो. ॲलर्जी असणाऱ्यांनी ही सहल त्याच महिन्यांत करून पाहावी. (टेक्सासमधील ऑस्टिनच्या परिसरात हाच त्रास सीडरच्या परागांमुळे भर हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीत होतो.)

याच राज्यातील ॲशव्हिल हे डोंगरातील गाव हवामानबदलापासून सुरक्षित आश्रयस्थान म्हणून सांगितले जात असे. समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या या गावाची सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेलीन’च्या पुराने दैना केली. देशभराच्या हवामानाच्या नोंदी जपणारे ‘नोआ’चे केंद्र याच गावात आहे, आणि त्या पुरात त्याचेही काम काही काळ ठप्प झाले. धोक्यापासून पूर्णपणे मुक्त असा पत्ता कोणत्याही नकाशावर नाही, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

महाग ऊब : सॅन डिएगो

केवळ हवेचा विचार केला तर सॅन डिएगोला तोड नाही. जानेवारीत दिवसा एकोणीस अंश, ऑगस्टमध्ये पंचवीस. दवबिंदू सहसा सुखावह आणि पाऊस वर्षाला सुमारे २५० मिलिमीटर. मे-जूनमध्ये समुद्रावरून येणारे ढग सकाळ झाकोळून टाकतात, एवढीच तक्रार. पण या हवेची किंमत घराच्या किमतीत आणि राज्याच्या प्राप्तिकरात वसूल होते. वणव्यांचा धोका वेगळा. २००३ आणि २००७ सालच्या वणव्यांनी याच परगण्यात मोठी हानी केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील वणव्यांत सोळा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. परिणामी डोंगरउताराला लागून असलेल्या घरांचा विमा मिळणेच दुरापास्त होत चालले आहे.

कर आणि विमा यांचा हिशेब

टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही. ॲरिझोनात तो सरसकट २.५ टक्के आहे. उत्तर कॅरोलायनात २०२५ साली ४.२५ टक्के होता. इलिनॉयमध्ये तो ४.९५ टक्के, तर न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात उत्पन्नानुसार चढता आहे. कॅलिफोर्नियाचा सर्वोच्च दर १३.३ टक्के आहे. हे आकडे पाहून अनेकजण दक्षिणेकडे वळतात. पण हिशेब एवढ्यावर संपत नाही.

उदाहरणार्थ, इलिनॉयमधून टेक्सासला जाणाऱ्या, दोन लाख डॉलर करपात्र उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे प्राप्तिकरात सुमारे ९,९०० डॉलर वाचतात. पाच लाख डॉलरच्या घरावर दोन टक्के मालमत्ता कर असेल तर तोच दहा हजार डॉलर होतो. जुन्या घरी किती भरत होतो, यावर खरी बचत अवलंबून आहे. टेक्सासमध्ये स्वतः राहत्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढत नाही, फ्लोरिडात तीन टक्क्यांहून आणि कॅलिफोर्नियात दोन टक्क्यांहून अधिक नाही. निवृत्तीनंतर पगार थांबतो, पण मालमत्ता कर थांबत नाही. म्हणून पन्नाशीनंतर स्थलांतर करणाऱ्यांनी ही मर्यादा प्राप्तिकराच्या दराइतकीच महत्त्वाची मानावी.

विम्याबाबत तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. एक, घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान समाविष्ट नसते. केंद्र सरकारच्या पूरविमा योजनेत पॉलिसी घेतल्यापासून सहसा तीस दिवसांनी संरक्षण सुरू होते. वादळ दिसू लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. दोन, चक्रीवादळासाठी स्वतः सोसावयाची रक्कम अनेकदा टक्केवारीत असते : पाच लाख डॉलरच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे पहिले दहा हजार डॉलर घरमालकाचे. तीन, घराचा सौदा पक्का करण्यापूर्वी त्याच पत्त्यासाठी विम्याचा लेखी अंदाज मागवावा.

नोकरी, व्हिसा आणि कायदा

हा भाग चर्चेत सर्वांत शेवटी येतो, पण त्यातील चूक सर्वांत महाग पडते. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याने कामाचे ठिकाण आपल्या महानगर क्षेत्राबाहेर हलवले, तर कंपनीला सुधारित अर्ज दाखल करावा लागतो. घरून काम करणाऱ्यालाही हा नियम लागू होतो, कारण त्याचे घर हेच कामाचे ठिकाण ठरते. ग्रीन कार्डाची प्रक्रिया कामगार खात्याच्या मंजुरीच्या टप्प्यावर असेल तर ठिकाण बदलल्याने ती नव्याने सुरू करावी लागण्याची शक्यता असते, आणि भारतीय अर्जदारांची प्रतीक्षा किती दीर्घ आहे हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे सूर्यप्रकाशाचा विचार करण्यापूर्वी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. नागरिकत्व नसलेल्या प्रत्येकाने, ग्रीन कार्डधारकांसह, पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत स्थलांतर खात्याला कळवणे बंधनकारक आहे.

न्यूयॉर्कच्या कंपनीत नोकरी ठेवून फ्लोरिडातून काम करणाऱ्याची त्या राज्याच्या करातून आपोआप सुटका होत नाही. कंपनीच्या गरजेसाठी नव्हे तर स्वतःच्या सोयीसाठी बाहेरून काम केल्यास न्यूयॉर्क तो पगार आपल्या कराच्या कक्षेत धरते. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, वकील आणि शिक्षक यांना नव्या राज्याचा परवाना लागतो. टेक्सास, ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात विवाहानंतरची कमाई पतिपत्नींची सामाईक मालमत्ता मानली जाते. म्हणून जुन्या राज्यात केलेले मृत्युपत्र तेथे गेल्यावर वकिलाकडून तपासून घ्यावे.

मुले आणि आईवडील

सरकारी विद्यापीठांत राज्यातील रहिवाशांना मिळणारे सवलतीचे शुल्क मिळण्यासाठी बहुतेक राज्यांत किमान बारा महिन्यांचे वास्तव्य लागते. मूल अकरावीत असताना स्थलांतर केल्यास जुन्या राज्यातील हक्क जातो आणि नव्या राज्यातील मिळायला वेळ अपुरा पडतो, असे घडू शकते. व्हिसाधारक कुटुंबांसाठीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत.

आईवडिलांच्या बाबतीत वेळापत्रकच उलटते. उत्तरेकडे राहणारी कुटुंबे त्यांना मे ते ऑक्टोबर या काळात बोलावतात, कारण हिवाळ्यात त्यांना घराबाहेर पडता येत नाही. दक्षिणेत हेच महिने घरात कोंडून घेण्याचे असतात. म्हणजे त्यांचा सहा महिन्यांचा मुक्काम नोव्हेंबर ते एप्रिल असा ठेवावा लागतो. त्यात महाराष्ट्रातील सुखद हिवाळा आणि लग्नसराई त्यांच्या हातून निसटते, आणि कडक उन्हाळा तेवढा वाट्याला येतो. रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी औषधे आणि काही हृदयविकारावरील औषधे उष्णतेचा त्रास वाढवू शकतात. डॉक्टरांशी याबाबत आधीच बोलावे. मंदिर, बाग किंवा ग्रंथालय चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर गाडी न चालवणाऱ्या वृद्धांचे दिवस सुसह्य होतात. अन्यथा उबदार गावातही ते खिडकीशीच बसून राहतात.

मायदेशी ये-जा करण्याचाही विचार व्हावा. न्यूयॉर्क-नेवार्क परिसरातून मुंबईला मिळणारी थेट विमानसेवा दक्षिणेत सहसा मिळत नाही. ह्यूस्टन आणि डॅलसहून आखाती देशांमार्गे एका थांब्यात पोहोचता येते. फिनिक्स किंवा रॅलेहून अनेकदा दोन थांबे घ्यावे लागतात. मध्यरात्री आलेल्या फोननंतर निघावे लागते, तेव्हा हा फरक तासांत मोजला जातो.

निर्णयापूर्वीचा मुक्काम

उबदार गाव जानेवारीत पाहून निवडू नये. जानेवारीत ती सर्वच सुंदर असतात. प्रत्येक ठिकाण त्याच्या सर्वांत वाईट महिन्यात पाहावे : फिनिक्स जुलैत, ह्यूस्टन ऑगस्टमध्ये, टॅम्पा सप्टेंबरात, रॅले आणि अटलांटा मार्चअखेरीस, सॅन डिएगो घरांच्या किमतींची यादी हाती घेऊन. तेथे पर्यटकासारखे न राहता दहा-बारा दिवस कामाचे ठेवावेत. सकाळी किती वाजेपर्यंत चालता येते, दुपारी मुले कुठे खेळतात, किराणा किती दूर आहे, वीज गेली तर शेजारी काय करतात, हे पाहावे. स्थानिक महाराष्ट्र मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमाला आणि मराठी शाळेला भेट द्यावी. तेथे जुन्या रहिवाशांकडून मिळणारी माहिती कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही.

शक्य असल्यास पहिले वर्ष भाड्याने राहावे आणि जुने घर लगेच विकू नये. मात्र यालाही कालमर्यादा आहे. विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षे त्या घरात स्वतः राहिल्यास पतिपत्नींना एकत्रित पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा केंद्रीय प्राप्तिकरातून वगळता येतो. म्हणजे जुने घर भाड्याने देऊन तीन वर्षांहून अधिक काळ ठेवले, तर ही सवलत हातची जाते. परत फिरायचे की राहायचे, हे त्याआधी ठरवावे लागते.

आज घेतलेले तीस वर्षांचे गृहकर्ज २०५० नंतर फिटणार आहे. तोवर आजची उबदार गावे आणखी तापलेली असतील आणि आजची थंड गावे काहीशी सौम्य झालेली असतील. म्हणून घर निवडताना आजच्या तापमानाबरोबर त्या गावाची पाण्याची, विजेची आणि आपत्कालीन व्यवस्थेची तयारीही पाहावी. आणि ही पाहणी कुटुंबातील सर्वांनी मिळून करावी. कारण हिवाळ्याचा कंटाळा बहुधा घरातील एकाला आलेला असतो, पण नव्या गावी जायचे असते सर्वांना.